बापाच्या लोंब्या

काल संध्याकाळी आम्ही त्रेसष्ट फुलं कापली.
फूल आपलं म्हणायचं म्हणून.
पाकळी नाही, वास नाही, माशी ढुंकून बघत नाही,
दोन हिरवी तुसं, मिटलेली, दाण्याएवढीच.
सुबरावमामा कात्रीनं तुसाची शेंडी उडवणार,
मी चिमट्यानं आतले परागकोश ओढणार,
एक, दोन, तीन, चार, पाच...
"सहावा कुठं हाय?"
"सापडंना मामा."
"मग ते फूल टाक. एक जरी ऱ्हायला
तर घरातल्या घरात लगीन."
उरली बासष्ट.
लोंबीवर बटर पेपरची पिशवी, पिशवीला टाचणी,
आणि घनसाळ रात्रभर एकटी.

आज बापाची पाळी.
बाप पलीकडच्या वाफ्यात, बुटका, वाऱ्यात न लोळणारा,
परवाच निसवलेला.
पण हिरण्यकेशीवरून धुकं उठलं ते उठेचना.
साडेनऊ. दहा. सव्वादहा.
एक तूस उघडायला तयार नाही.
मामा बांधावर उकिडवे.
एरवी या वेळेला ते कुणाला बांधावरून चालू देत नाहीत,
कृषी सहायकाची मोटारसायकलसुद्धा आंब्याखाली थांबते.
"ज्वारीचं बरं असतंय," म्हणाले,
"उजाडायच्या आत मोकळी हुती.
मका तर डोस्क्यावरनंच वततो, खाली कुणी असो नसो.
गहू दार लावून संसार करतोय, त्येला कुणाची गरज न्हाई.
भाताला मातुर ऊन पायजे. दहाचंच."
अकरा वाजले.
मग ते उठले, बापाच्या चार लोंब्या देठापासून कापल्या,
आणि आजऱ्याच्या रस्त्याला लागले.

नसीम मुल्लाणींची टपरी शेताच्या कडेलाच.
चुलीपासून हातभर अंतरावर
स्टीलच्या पेल्यात पाणी, पाण्यात बापाच्या लोंब्या.
"ह्ये काय, फुलदाणी?" नसीमभाभी.
"आमचा नवरदेव हाय. शेकू द्या जरा."
एसटीची वाट बघणारे दोघं हसले, मग गप झाले,
कारण मामा हसत नव्हते.

मी भिंग धरून बसले.
तुसाच्या बुडाशी दोन उशा असतात, खसखशीएवढ्या,
त्या पाणी पितात, फुगतात,
आणि तुसाला आतून खांदा लावतात.
आधी एक केसाएवढी फट.
मग त्या फटीतून सहा पिवळे कोश
वर, वर, डोळ्यादेखत,
देठ इतके बारीक की उभं राहणं जमेना,
तोल गेला, सगळे बाहेर लोंबकळले,
आणि लोंबकळतानाच फाटले.

"पळ!"

पाच मिनिटं. पराग तेवढंच जगतो.
पेला माझ्या हातात, मामा पुढं,
सत्तावन्न वर्षांचा माणूस लुंगी खोचून बांधावरनं,
मी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडते,
पाणी मनगटावर, चप्पल चिखलात राहिली ती राहिली.
टाचणी काढली, पिशवीचं तोंड उघडलं,
बापाच्या लोंब्या वरनं आत घातल्या
आणि मामांनी देठावर टिचकी मारली. एक. दोन.
उजेडात काही दिसलं असं मला वाटलं.
मामांना आता दिसत नाही, ते ऐकतात म्हणे.
कसं, ते मी विचारलं नाही.

लेबलवर पेन्सिलनं लिहिलं:
आई घनसाळ, बाप बुटका, वेळ अकरा बेचाळीस.
(सव्वीस दिवसांनी सतरा दाणे भरले.
पंचेचाळीस फुलं पोकळ.
मामा म्हणाले, सतरा म्हंजे लई झाले.)

चप्पल शोधून परत टपरीवर आलो
तर रेक्झिनवर पेल्याभोवती
हळदीच्या बोटाएवढं पिवळं सांडलेलं.
नसीमभाभींनी फडकं फिरवलं. "केवढी धूळ ही."
मामा काही बोलले नाहीत.
त्यांचा निवलेला चहा तसाच होता,
सायीवर थोडी तीच धूळ.
त्यांनी फुंकर मारली नाही.
बशीत न ओतता, तसाच पिऊन टाकला.